खेळ आणि अक्षर : बालशिक्षणाच्या इतिहासाचीं कांहीं पानें

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत सामान्यतः देवालयाच्या पायाचा दगड कोणीं बसविला, घंटा कोठून आली, कोणकोणत्या धर्मगुरूंनीं येथें सेवा केली, यांची हकीकत येते. आणि ती यावी हें योग्यच आहे. परंतु ज्या धर्मग्रामाचा उत्सव आपण साजरा करितों, त्याचा पुढील भार ज्यांच्या खांद्यांवर पडावयाचा आहे, तीं तीन ते सहा वर्षांचीं मुलें अशा पुस्तिकेंत सहसा कोठेंच आढळत नाहींत. छायाचित्रांत तीं पुढच्या रांगेंत बसविलेलीं असतात, एवढेंच. म्हणून आम्हीं या लेखांत त्यांच्याविषयीं, आणि विशेषतः त्यांच्या खेळाविषयीं, लिहिण्याचें योजिलें आहे.

‘बालवाडींत मूल दिवसभर खेळतें, मग तें शिकतें केव्हां?’ हा प्रश्न वाड्यावाड्यांतून ऐकूं येतो. तो विचारणारे आईबाप मुलांचे वैरी नव्हेत. ज्या घरांत पिढ्यान् पिढ्या नांगर, कोयता आणि जाळें यांवांचून दुसरें हत्यार आलें नाहीं, त्या घराला लेखणी हीच वर चढण्याची शिडी वाटते. आणि त्या शिडीची पहिली पायरी मुलानें होईल तितक्या लौकर चढावी, अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. तेव्हां हा प्रश्न हंसून उडवून लावण्याजोगा नाहीं. त्याला उत्तर दिलें पाहिजे, आणि तें मतामतांच्या गलबल्यांतून न देतां, घडलेल्या गोष्टींच्या आधारें दिलें पाहिजे. सुदैवानें या बाबतींत इतिहास मुका नाहीं.

मुलांचा बगीचा

लहान मुलांनीं वस्तु पाहून व हाताळून शिकावें, हा विचार आजकालचा नव्हे. मोराव्हियांत जन्मलेल्या कोमेनियस या शिक्षणवेत्त्यानें १६५८ सालीं चित्रांनीं भरलेलें पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केलें, तें याच हेतूनें. इटलींतील क्रेमोना शहरांत फेर्रान्ते आपोर्ती नांवाच्या एका कॅथलिक धर्मगुरूनें १८२८ सालीं शिशुशाळा उघडली, व पुढें लौकरच गरिबांच्या मुलांसाठींही तशी सोय केली. तथापि खेळ हेंच मुलाचें शिक्षण होय, असें निःशंकपणें सांगून त्या पायावर शाळा उभारण्याचा मान फ्रीड्रिख फ्रोबेल यास द्यावा लागतो.

जर्मनींतील थुरिंगिया प्रांतांत एका लूथरपंथी धर्मोपदेशकाच्या घरीं १७८२ सालीं फ्रोबेलचा जन्म झाला. तो वर्षाचाही झाला नव्हता तोंच त्याची आई वारली. तरुणपणीं त्यानें कांहीं काळ रानखात्याचें काम शिकण्यांत घालविला, पुढें स्वित्झर्लंडमध्यें पेस्टालोझ्झीच्या शाळेंत राहून अध्यापन पाहिलें, आणि बर्लिन येथें स्फटिकांच्या संग्रहालयांत काम केलें. रानांतील झाड आणि खाणींतील स्फटिक हीं दोन्ही त्याच्या विचारांत कायमचीं राहिलीं. झाड आंतून वाढतें, बाहेरून ओढून तें उंच होत नाहीं, तद्वतच मूल. आणि स्फटिकाला ज्याप्रमाणें नियमबद्ध आकार असतो, त्याप्रमाणें मुलाच्या हातीं द्यावयाच्या वस्तूंनाही असावा. १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग या गांवीं त्यानें आपली संस्था काढली, आणि १८४० सालीं तिला ‘किंडरगार्टन’ म्हणजे मुलांचा बगीचा हें नांव दिलें.

त्यानें मुलांसाठीं खेळण्यांची एक मालिका रचली; तिला तो ‘देणग्या’ म्हणे. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लांकडाचा गोल, घन व दंडगोल यांची. तिसरी देणगी म्हणजे आठ लहान घनांत विभागलेला एक घन. यांतील हेतु वाचकांनीं ध्यानांत घ्यावा. मूल खेळणें मोडतें तें दुष्टपणानें नव्हे, आंत काय आहे हें पाहण्यासाठीं. हा घन त्यास मोडावयास मिळतो, आंत पुन्हां घनच सांपडतात, आणि ते जुळवितां सगळें पूर्ववत् होतें. असें करितां करितां पूर्ण, अर्धा, पाव आणि आठवा हिस्सा हीं त्याच्या बोटांस आधीं कळतात. त्यांचीं नांवें मागाहून येतात.

एवढ्या निरुपद्रवी वस्तूंस कोण भिणार, असें वाटेल. परंतु १८५१ सालीं प्रशियाच्या सरकारनें किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप नास्तिकपणाचा आणि समाजसत्तावादाचा होता. आणि त्यांत फ्रोबेलच्या पुतण्याच्या लेखनाचा व त्याच्या स्वतःच्या कार्याचा घोटाळा झालेला होता. ज्या मनुष्यानें मुलाच्या खेळांत ईश्वरी एकात्मतेचा माग काढला, त्याच्यावरच हा ठपका आला. पुढच्याच वर्षीं, १८५२ सालीं, फ्रोबेल वारला. बंदी उठली ती १८६० सालीं. तें पाहण्यास तो राहिला नव्हता.

मराठी भूमींत पहिलें बीज

ही विद्या मराठी माणसांपर्यंत पोहोंचविण्याचे जे आरंभींचे प्रयत्न झाले, त्यांत पंडिता रमाबाईंचें नांव अग्रभागीं येतें. त्या आमच्या पंथाच्या नव्हत्या. तरी ख्रिस्ती नांव धारण करणाऱ्या या विदुषीचें ऋण आम्हांवरही आहे. १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानसमारंभाच्या निमित्तानें त्या अमेरिकेंतील फिलाडेल्फियास गेल्या. तेथें मुलांच्या बगीच्याची पद्धति त्यांच्या पाहण्यांत आली, आणि ती नुसती पाहून त्या थांबल्या नाहींत. त्यांनीं तिचें शिक्षण घेतलें व त्या धर्तीवर मराठींत पाठ्यपुस्तकें लिहिण्याचें काम हातीं घेतलें. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन उघडलें. विधवा म्हणून ज्या मुलींना समाजानें कोपऱ्यांत बसविलें होतें, त्या मुलींनीं उद्यां बालशिक्षिका होऊन उभें राहावें, हा त्यांचा मनोदय होता. खेळणें आणि स्वावलंबन यांची सांगड आपल्या प्रांतांत त्या काळापासूनची आहे.

सान लोरेन्झो येथील खोली

यापुढील कथा रोम शहरांतील आहे. मारिया माँटेसोरी यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजीं इटलींतील क्यारावाल्ले येथें झाला. १८९६ सालीं त्यांनीं रोमच्या विद्यापीठांत वैद्यकाची पदवी मिळविली. त्या देशांतील पहिल्या कांहीं स्त्रीवैद्यांत त्यांची गणना होते. मंदबुद्धि म्हणून टाकून दिलेल्या मुलांची शुश्रूषा करितांना त्यांना इटार व सेगँ या दोन फ्रेंच वैद्यांचे ग्रंथ उपयोगी पडले, आणि बुद्धीचा मार्ग हातांवरून व इंद्रियांवरून जातो, हें तत्त्व त्यांनीं त्यांतून उचललें. जी पद्धति या मुलांना वर आणते, ती इतर मुलांना कां लावूं नये, असा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहिला.

उत्तर शोधण्याची संधि अनपेक्षित ठिकाणाहून आली. रोममधील सान लोरेन्झो हा मजुरांचा, दारिद्र्यानें गांजलेला मोहल्ला. तेथील मोडकळीस आलेल्या चाळी एका गृहसंस्थेनें दुरुस्त करून भाड्यानें दिल्या. आईबाप कामावर गेले म्हणजे घरीं राहिलेलीं लहान मुलें नव्या भिंती व जिने खराब करीत. वारंवार रंग देण्यापेक्षां त्यांना एका खोलींत सांभाळावें हें स्वस्त पडेल, असा हिशेब संस्थेनें केला. अशा व्यवहारी हिशेबांतून ६ जानेवारी १९०७ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, ‘कासा देई बांबिनी’ म्हणजे मुलांचें घर उघडलें. पन्नासांवर मुलें तेथें आलीं, तीं बुजरीं, रडवीं, कुपोषित. पूर्वेच्या ज्ञात्यांनीं गरिबाघरच्या एका बालकापुढें गुडघे टेकले, त्याच सणाला हा आरंभ व्हावा, ही गोष्ट माँटेसोरीबाईंच्या मनांत खोल रुतली होती.

त्या खोलींत जें घडलें तें त्यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. एक तीन वर्षांची मुलगी लांकडी ठोकळ्यांतील दंडगोल काढून पुन्हां ज्याच्या त्याच्या भोंकांत बसवीत होती. बाईंनीं इतर मुलांना गाणें म्हणावयास लाविलें, मुलीला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेविलें. तरी तिचें काम चालूच. चाळीसहून अधिक वेळां तिनें तीच क्रिया केली, आणि मग स्वप्नांतून जागी व्हावी तशी प्रसन्न मुद्रेनें ती थांबली. कोणीं शाबासकी दिली नव्हती, कीं धाक घातला नव्हता. त्या ठोकळ्यांत एक दंडगोल चुकला तर शेवटीं एक उरतो, व तो बसत नाहीं. म्हणून मुलाची चूक गुरूनें दाखवावी लागत नाहीं, वस्तूच ती दाखविते.

दुसरी हकीकत रुमालाची. एके दिवशीं बाईंनीं मुलांना नाक कसें पुसावें हें शिकविलें. गाजावाजा न करितां, रुमाल हळूच कसा वापरावा हें करून दाखविलें. धडा संपतांच मुलांनीं टाळ्या वाजविल्या. बाईंना प्रथम आश्चर्य वाटलें. मग त्यांच्या ध्यानांत आलें कीं, ‘नाक पूस’ म्हणून या मुलांना आजवर सर्वांनीं हिणविलें होतें. परंतु कसें पुसावें हें कोणीं आदरानें शिकविलें नव्हतें. आमच्या मतें या पद्धतीचें सारें मर्म या छोट्या प्रसंगांत आहे. बालशिक्षणाचा आरंभ अक्षरापासून नव्हे, मुलाच्या मानापासून होतो.

आणि अक्षर? तेंही आलें. खरखरीत कागदाचीं कापून पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं अक्षरें मुलें बोटांनीं गिरवीत, त्यांचा उच्चार करीत. दंडगोलाची लहानशी मूठ तीन बोटांनीं धरण्याचा सराव झालेलाच होता. तीच बोटें पुढें लेखणी धरितात. कांहीं महिन्यांनीं एके दिवशीं एका मुलानें खडूनें शब्द लिहिला, आणि त्याचें पाहून एकामागून एक मुलें लिहूं लागलीं. चार-पांच वर्षांचीं हीं मजुरांचीं मुलें फरशीवर, दारांवर, जेथें जागा मिळेल तेथें लिहीत सुटलीं.

२८ डिसेंबर १९०८ रोजीं मेसिना शहर भूकंपानें उद्ध्वस्त झालें. पोरकीं झालेलीं साठेक मुलें रोममध्यें फ्रान्सिस्कन मिशनरीज ऑफ मेरी या संघाच्या मठांत आणिलीं गेलीं, आणि तेथें माँटेसोरीबाईंच्या पद्धतीची शाळा चालूं झाली. हीं मुलें बोलत नसत, खात नसत, रात्रीं दचकून रडत. भगिनींनीं त्यांच्यासाठीं लहान मेजें, लहान भांडीं, लहान झाडण्या आणविल्या. मेज मांडणें, ताटें ठेवणें, फुलें लावणें, कपडे नीट घालणें अशा कामांत मुलें रमलीं. भूक आणि झोंप परत आली, आणि हळूहळू हंसूं आलें. ज्यांचें सारें घर कोसळलें होतें, त्यांना आपल्या हातांनीं एक लहानसें घर चालवावयास मिळालें, हाच तो उपचार.

खेळ कीं काम?

येथें एक मतभेद सांगितला पाहिजे. माँटेसोरीबाईंनीं वर्गांत बाहुल्या व खेळणीं ठेविलीं होतीं. मुलांनीं त्यांकडे फारसें लक्ष दिलें नाहीं असें त्यांस आढळलें. म्हणून त्या मुलांच्या उद्योगास ‘खेळ’ न म्हणतां ‘काम’ म्हणत, आणि परीकथांबद्दल त्यांना विशेष आस्था नव्हती. फ्रोबेलच्या अनुयायांना हें रुचलें नाहीं. कल्पनेचा खेळ काढून घेतला तर मुलाजवळ उरतें काय, असा त्यांचा आक्षेप.

इटलींतच मोंपियानो या गांवीं रोझा व कारोलिना आगाझ्झी या दोन भगिनींनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिसरीच वाट धरिली होती. विकत घेतलेल्या साधनांऐवजीं त्यांनीं मुलांचे खिसे उलटे केले. बटणें, दोरे, बिया, खडे, डब्यांचीं झांकणें असा जो खजिना निघाला, त्याचेंच त्यांनीं संग्रहालय मांडलें, व त्यांतून रंग, आकार, संख्या शिकविली. वाचतां न येणाऱ्या मुलाला आपली वस्तु ओळखतां यावी म्हणून प्रत्येकाच्या खुंटीवर नांवाऐवजीं एकेक चित्र लाविलें.

आम्हांस वाटतें, हा वाद मोठ्यांच्या शब्दांचा आहे. मुलाच्या बाजूनें पाहतां तो उरत नाहीं. आई भाकरी थापीत असतां पोरगी शेजारीं बसून पिठाचा लहान गोळा थापते, तें काम कीं खेळ? तिला विचाराल तर ती भाकरी करीत आहे. खेळांत तिचें सारें मन आहे म्हणून तें काम. आणि कोणाच्या धाकानें चाललेलें नाहीं म्हणून तो खेळ.

देवालयांतील मुलें आणि सत्तेचा रोष

माँटेसोरीबाई कॅथलिक होत्या, आणि धर्मशिक्षणालाही आपलें तत्त्व लागू पडतें कीं नाहीं, हें त्यांनीं स्पेनमधील बार्सेलोना येथें पाहिलें. मुलांसाठीं तेथें लहान प्रार्थनामंदिर होतें. त्यांतील आसनें व वस्तु त्यांच्या बेताच्या. मुलांनीं गहूं पेरला व द्राक्षवेली जोपासल्या, म्हणजे वेदीवर जाणारी भाकर आणि द्राक्षरस कोठून येतो हें त्यांना हातांनीं कळावें. १९२२ सालीं या प्रयोगाविषयीं त्यांचें पुस्तक निघालें. पुढें १९५४ पासून रोममध्यें सोफिया कावाल्लेत्ती व जान्ना गोब्बी यांनीं हेंच सूत्र धरून मुलांच्या धर्मशिक्षणाची ‘उत्तम मेंढपाळ’ या नांवाची पद्धति विकसित केली.

फ्रोबेलप्रमाणें याही पद्धतीवर सत्तेचा डोळा वळला. इटलींत मुसोलिनीनें प्रथम तिला आश्रय दिला. परंतु मुलांना गणवेष चढवून आज्ञाधारक सैनिक बनविण्याची हांव आणि स्वतः विचार करून वस्तु निवडणारें मूल, यांचें जमणें शक्य नव्हतें. १९३४ सालीं इटलींतील माँटेसोरी शाळा बंद झाल्या. जर्मनींतही नाझी राजवटींत तीच गत झाली. १९३६ सालीं स्पेनमध्यें यादवी युद्ध पेटल्यावर बाईंना बार्सेलोनाही सोडावें लागलें. ज्या सत्तेला मान तुकविणारे नागरिक हवे असतात, तिला तीन वर्षांच्या मुलाचें स्वातंत्र्यही सोसवत नाहीं, हा धडा इतिहासानें दोनदां दिला आहे.

१९३९ च्या नोव्हेंबरांत, एकोणसत्तराव्या वर्षीं, त्या आपला पुत्र मारिओ यांच्यासह हिंदुस्थानांत आल्या. थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून मद्रासजवळ अड्यार येथें त्यांचा शिक्षणवर्ग भरला. तीनशेंच्या सुमारास शिक्षक जमले. बाई इटालियन भाषेंत बोलत, मारिओ इंग्रजींत भाषांतर करीत. जून १९४० मध्यें इटली युद्धांत उतरतांच इंग्रज सरकारच्या लेखीं हे दोघे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. मारिओ यांस अहमदनगर (हल्लींचें अहिल्यानगर) येथील छावणींत स्थानबद्ध करण्यांत आलें, व बाईंना अड्यारच्या आवारांतच राहण्याचा हुकूम झाला. ऑगस्टअखेर, बाईंच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या सुमारास, माय-लेकरांची पुन्हां भेट झाली. युद्धकाळ त्यांनीं येथेंच काढला, आणि मधला थोडा काळ वगळतां १९४९ पर्यंत त्या या देशाशीं निगडित राहिल्या. ६ मे १९५२ रोजीं हॉलंडमध्यें नूर्डविक येथें त्यांचें देहावसान झालें.

बोर्डी आणि कोसबाड

बाई येथें येण्यापूर्वींच त्यांचा विचार येथें रुजला होता. भावनगरचे गिजुभाई बधेका हे वकिलीचा धंदा सोडून शिक्षणाकडे वळले, आणि १९२० सालीं त्यांनीं दक्षिणामूर्ति संस्थेंत बालमंदिर उघडलें. माँटेसोरीची साधनें त्यांनीं घेतलीं. परंतु गोष्टी, गाणीं, नाटुकलीं आणि मातीकाम हींही वर्गांत आणिलीं, कारण आपल्या देशांतील मूल गोष्टीशिवाय जगत नाहीं हें ते जाणून होते. लोक त्यांना प्रेमानें ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशांची आई, म्हणत. त्यांच्या कार्यांत ताराबाई मोडक या मराठी विदुषी सामील झाल्या. १८९२ सालीं मुंबईंत जन्मलेल्या व १९१४ सालीं पदवीधर झालेल्या ताराबाईंनीं १९२६ सालीं गिजुभाईंसह नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, ‘शिक्षणपत्रिका’ मराठींत चालविली, आणि १९३६ सालीं दादर येथें शिशुविहार काढला.

परंतु एक प्रश्न सुटला नव्हता. १९३१ च्या ऑक्टोबरांत लंडन येथें गांधीजींनीं माँटेसोरीबाईंच्या शिक्षणवर्गापुढें भाषण केलें, तेव्हां ही विद्या केवळ धनिकांच्या मुलांपुरती न राहतां भिकाऱ्याच्याही मुलापर्यंत जावी, अशी आशा त्यांनीं बोलून दाखविली. सान लोरेन्झोच्या चाळींत जन्मलेली पद्धति पंचवीस वर्षांच्या आंत सुखवस्तु घरांची मिरास होऊं लागली होती. साधनें महाग, शिक्षिका दुर्मिळ. मग गरिबानें काय करावें?

त्याचें उत्तर ताराबाईंनीं आमच्याच या किनाऱ्यावर शोधिलें. १९४५ सालीं, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, शहरांतील नांवलौकिक मागें ठेवून त्या बोर्डी येथें आल्या. हें गांव तेव्हां ठाणें जिल्ह्यांत होतें. २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत मोडतें. त्याच वर्षीं अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. अनुताईंना बालपणींच वैधव्य आलें होतें; स्वतःच्या जिद्दीवर त्या शिकल्या होत्या. या दोघींनीं ग्राम बालशिक्षा केंद्र उभें केलें. लांकडी मण्यांच्या जागीं चिंचोके आले, रंगीत तक्त्यांच्या जागीं पानें-फुलें. शंख, शिंपले, गोटे, कणसें, माती यांतून मोजणें, निवडणें, लावणें, वजन अजमावणें हें सारें होऊं लागलें. इंद्रियशिक्षणाचें तत्त्व तेंच राहिलें. सामान मात्र समुद्रकांठीं व रानांत फुकट पडलेलें.

मुलें शाळेंत येईनात, तेव्हां या दोघींनीं त्यांच्या वस्तींतल्या अंगणांतच वर्ग भरविला, आणि त्याला नांव दिलें अंगणवाडी. तेथें धड्याआधीं आंघोळ, केंस विंचरणें, नखें काढणें. १९५७ सालीं कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर वारली लोकांमध्यें गेलें. गुरें राखणारी पोरें शाळेंत बसूं शकत नाहींत असें दिसतांच शिक्षक त्यांच्यामागें कुरणांत गेले, व ती कुरणशाळा झाली. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलीला शिकतां यावें म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ रचली. सरकारनें १९६२ सालीं ताराबाईंना पद्मभूषण दिलें. १९७३ सालीं त्या वारल्या. अनुताईंनीं १९९२ पर्यंत, म्हणजे आमरण, ती टेकडी सोडली नाहीं.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं केंद्र सरकारनें एकात्मिक बालविकास योजना तेहेतीस प्रकल्पांनिशीं सुरू केली, आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेंच नांव मिळालें. बोर्डीच्या अंगणांतील शब्द देशाच्या दूरदूरच्या कोपऱ्यांत गेला. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही तीन ते आठ या वयाची पायाभूत अवस्था मानून तिच्यांत खेळ व कृति यांस मुख्य स्थान दिलें आहे.

आम्हांस यांतून काय घ्यावयाचें?

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. मूल खेळतें तेव्हां तें शिकतें केव्हां? इतिहासाचें उत्तर असें कीं, तें त्याच वेळीं शिकतें. एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत न सांडतां पाणी ओतणाऱ्या मुलाचें मनगट स्थिर होतें, लक्ष एकवटतें, आणि सांडलें तर पुसण्याची जबाबदारी त्याची त्यास कळते. चिंचोक्यांचे पांच-पांचांचे ढीग करणारें मूल अंक लिहिण्याआधीं संख्या जाणतें. शिंपले आकारानें लावणारें मूल लहान-मोठें, कमी-अधिक हें बोटांनीं शिकतें. आणि गोष्ट ऐकून ती पुन्हां सांगणारें मूल वाक्य रचण्यास शिकतें. ज्या मुलाच्या हातीं तिसऱ्या वर्षींच चौकटीची वही आणि पेन्सिल दिली, त्याला अक्षराचा आकार कदाचित् लौकर येईल; परंतु अक्षराविषयीं धास्तीही त्याच्याबरोबर येण्याचा संभव आहे. सान लोरेन्झोच्या मुलांना अक्षरें उशिरां आलीं नाहींत. उलट अपेक्षेपूर्वींच आलीं. मात्र तीं मागून घेतलेलीं होतीं, लादलेलीं नव्हतीं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही पद्धति जेथें जेथें खरी फुलली, तेथें ती गरिबाच्या दारीं होती : क्रेमोनाच्या शिशुशाळेंत, मेसिनाच्या अनाथांत, रोमच्या चाळींत, कोसबाडच्या पाड्यांत. हल्लीं तिचें नांव पाट्यांवर झळकतें, आणि त्या पाटीखालीं प्रवेशशुल्काचा आंकडा असतो. भट्टीवर जाणाऱ्या मजुराचें, बोटीवर जाणाऱ्या खलाशाचें, दुसऱ्याच्या वाडींत राबणाऱ्या बाईचें मूल तें शुल्क देऊं शकत नाहीं. आणि मग खेळ हा ऐपतदारांचा व पाटी-धाक हा गरिबांचा वांटा ठरतो. मूळ कल्पनेची यापरती विटंबना ती कोणती?

म्हणून, ज्युबिलीच्या निमित्तानें जो निधि कोठेंही जमेल, त्यांतील एक लहानसा हिस्सा तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठीं बाजूस काढावा, अशी आमची सर्व धर्मबंधुभगिनींस विनंति आहे. यास मोठी इमारत लागत नाहीं. सावलीचें अंगण, हात धुण्यास पाणी, मुलांच्या उंचीचीं फळकुटें, चिंचोके, शिंपले, माती, कापडाच्या चिंध्या, आणि मुलांवर न ओरडणारी एक शिकलेली बाई : एवढें पुरे. त्यांत सर्वांत दुर्मिळ ती शेवटली वस्तु होय. तेव्हां भिंतीपेक्षां तिच्या शिक्षणावर आणि तिच्या योग्य वेतनावर आधीं खर्च व्हावा. ताराबाईंनीं व अनुताईंनीं हें दाखवून दिलें आहे, आणि तें दूर देशीं नव्हे, आमच्या किनाऱ्यालगतच्या टेकडीवर.

पुढील ज्युबिली साजरी करणारे लोक आज त्या अंगणांत बसले आहेत. त्यांच्या हातांत आपण काय ठेवितों, यावर ती ज्युबिली कशी होईल हें अवलंबून राहील.